तापाचा रकाना आहे, दुखण्याचा नाही

मागच्या वर्षी आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, इथेच इंदूरात, एका खाजगी हॉस्पिटलात. दुर्बिणीतून होणार होतं, तीन-चार छोटी भोकं आणि दोन-तीन दिवसांत घरी असं ठरलेलं, पण आत सगळं चिकटलेलं निघालं म्हणून पोट उघडावं लागलं आणि उजव्या बरगडीखाली चांगली वीतभर चीर आली. ऑपरेशन नीट झालं. सर्जननी मन लावून केलं, त्यांच्याबद्दल आजही मनात आदरच आहे. मला बोलायचंय ते त्याच्या पुढच्या तीन रात्रींबद्दल.

पहिल्या रात्री आई पलंगाचा दांडा धरून पडून होती. कण्हत नव्हती, ओरडत नव्हती, नुसता दांडा घट्ट धरलेला आणि श्वास अगदी वरच्यावर, अर्धा आत घेतला की थांबायची. मी विचारलं, आई दुखतंय का, तर म्हणाली, "चालतंय रे, पोट फाडलंय तर दुखणारच की, तू झोप जरा." अडीच वाजता मी नर्सिंग काउंटरवर गेलो. तिथे एकच सिस्टर, अख्खा मजला तिच्याकडे, ती फाईल उघडून म्हणाली, "भैया, पेनकिलर एसओएस लिखा है, माताजी ने तो बोला ही नहीं." आणि ती खोटं बोलत नव्हती. एसओएस म्हणजे गरज पडली तर. आणि गरज पडली हे सांगायचं कोणी, तर जिने सत्तर वर्षं कुठल्याच गोष्टीची गरज पडली म्हणून सांगितलं नाही त्या माझ्या आईने.

पलंगाच्या पायथ्याशी तक्ता लटकलेला होता, तो मी त्या रात्री पहिल्यांदा नीट वाचला. ताप, नाडी, बीपी, श्वास, ऑक्सिजन, लघवी किती झाली, ड्रेनमध्ये (जखमेतून बाहेर काढलेल्या नळीत) किती आलं, सगळं दर चार-सहा तासांनी लिहिलेलं, सही केलेलं. दुखतंय किती, याला रकानाच नव्हता. जे आईला सगळ्यात जास्त होत होतं ते सोडून बाकी सगळं त्या कागदावर होतं.

तिसऱ्या दिवशी ताप आला, छातीत कफ साठला, एक्स-रेत खाली उजवीकडे पांढरं दिसलं. ते तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र असतं ना, नळीतून श्वास ओढायचा आणि गोळ्या वर गेल्या पाहिजेत, ते आईच्या हातात दिलेलं होतं. पहिली गोळीसुद्धा हलत नव्हती. फिजिओवाला मुलगा रागावून गेला, "आंटीजी मेहनत नहीं कर रहीं." संध्याकाळी एक भूलतज्ज्ञ मॅडम शेजारच्या पेशंटला बघायला आल्या होत्या, मी त्यांना अक्षरशः अडवलं. त्या आपल्या मराठी निघाल्या, रामबागेतल्या. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि विचारलं, "काकू, रुपयात किती आणे दुखतंय?" दहापैकी किती असं सकाळी कोणीतरी विचारून गेलं होतं तेव्हा आई गप्प बसली होती, पण हे तिला लगेच कळलं. म्हणाली, "खोकला आला की सोळा, नुसतं पडलं तरी बारा." तीन दिवसांत पहिल्यांदा तिने खरं सांगितलं, कारण तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी तिला उत्तर देता येईल असं विचारलं.

मॅडमनी सर्जनशी फोनवर बोलून पॅरासिटामॉलची सलाईन घड्याळ लावून दर सहा तासांनी केली, मागो की न मागो, आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत पोटाच्या भिंतीच्या थरात सुन्न करणारं औषध सोडलं. तासाभराने आई "पाच आणे" म्हणाली. मग मी ते यंत्र पुन्हा हातात दिलं. पहिली गोळी वर गेली, खाली आली, परत गेली, आणि मग दुसरी. रागावून जी गोळी हलली नव्हती ती दुखणं कमी केल्यावर हलली. न्यूमोनिया फक्त दुखण्यामुळेच झाला असं मी म्हणणार नाही, वय होतं, चीर मोठी होती, पण जिला खोल श्वास घेताच येत नाही तिचा कफ सुटणार तरी कसा?

तर माझं म्हणणं एवढंच आहे आणि ते मी सरळ मांडतो. ऑपरेशननंतरचं दुखणं पेशंटने मागितल्यावर बघायची गोष्ट नाही, ती हॉस्पिटलने स्वतःहून, ठरलेल्या वेळी, विचारून, लिहून ठेवायची गोष्ट आहे, बीपीसारखी. बीपी कोणी मागतं का? "माझं बीपी वाढलंय असं वाटतंय, जरा बघा" असं पेशंट म्हणेपर्यंत कोणी थांबतं का? मग दुखण्याच्या बाबतीतच ही जबाबदारी पडून असलेल्या माणसावर का टाकायची?

यात इंदूरचा एक धागा आहे जो आपल्याच शहरात फार लोकांना माहीत नाही, आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. आपल्या एमजीएम मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद, ते ऱ्होड्स स्कॉलरशिपवर ऑक्सफर्डला गेले आणि तिथे १९८० च्या दशकात त्यांनी असा प्रश्न हातात घेतला जो आज ऐकून अंगावर काटा येतो. त्या काळी नवजात, त्यातही दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांची मोठी मोठी ऑपरेशनं जवळजवळ भूल न देता व्हायची. हात-पाय हलू नयेत म्हणून स्नायू लुळे करणारं औषध द्यायचे, सोबत फार तर थोडा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हलकी गुंगी आणणारा वायू. डॉक्टर क्रूर होते म्हणून नाही. समज अशी होती की बाळाच्या नसा अजून पूर्ण तयार नाहीत, त्यांना दुखणं कळत नाही, आणि दुसरी भीती अशी की एवढ्याशा जिवाला तेज औषध दिलं तर तेच जीव घेईल. ही दुसरी भीती अगदीच खोटी नव्हती, हेही सांगायला हवं.

बाळ बोलत नाही. लुळं केलेलं बाळ तर रडतही नाही. मग त्याला दुखतंय हे सिद्ध कसं करणार? आनंद यांनी ते रक्तात शोधलं. हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मानंतर आपोआप बंद व्हायला हवी, ती कधी कधी होत नाही, ती बांधायचं ऑपरेशन लागलेली सोळा अपुऱ्या दिवसांची बाळं त्यांच्या अभ्यासात होती, आठांना नेहमीची पद्धत आणि आठांना त्याच्यासोबत फेंटानिल, मॉर्फिनच्या जातीचं तेज वेदनाशामक. ज्यांना फेंटानिल मिळालं नाही त्यांच्या रक्तात ताणाची हॉर्मोन्स आणि साखर जास्त उसळली आणि नंतरची गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. हे १९८७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकॅडमीने जाहीर केलं की नवजात बाळांनाही भूल द्यायलाच हवी. आणि त्याला एका आईचाही हात लागलेला आहे, जिल लॉसन नावाच्या, जिला आपल्या बाळाच्या मृत्यूनंतर कळलं की त्याच्या ऑपरेशनमध्ये भूल दिलीच नव्हती, आणि ती गप्प बसली नाही.

पुढे बोस्टनला आनंद आणि त्यांचे सहकारी हिकी यांनी हृदयाचं ऑपरेशन लागलेल्या ४५ नवजात बाळांचा अभ्यास केला, तो १९९२ साली छापून आला. एका गटाला हलकी भूल आणि नंतर अधूनमधून मॉर्फिन (अफूपासून निघणारं वेदनाशामक), दुसऱ्याला खोल भूल आणि ऑपरेशननंतरचे पहिले चोवीस तासही तसंच भक्कम वेदनाशमन. पहिल्या गटातल्या १५ पैकी ४ बाळं गेली. दुसऱ्या गटातल्या ३० पैकी एकही नाही. आकडे छोटे आहेत, मान्य, पण बाळांना दुखतच नाही म्हणणाऱ्यांकडे एवढाही पुरावा नव्हता.

मी हे सगळं वाचलं ते आईच्या आजारानंतर, आणि वाचताना सारखी आईच आठवत होती. बाळाला बोलता येत नाही आणि आईला बोलता येतं पण ती बोलत नाही, दोघांच्या वाट्याला तेच येतं. आपल्याकडे सोसणं हा गुण आहे, आणि बायकांच्या बाबतीत तर तो जवळपास धर्मच करून ठेवलाय. "दोन बाळंतपणं काढली, हे काय." "माझी सासू तर पोट चिरलं त्याच्या आठव्या दिवशी विहिरीवर होती." आपल्याच घरात कौतुकाने सांगतो आपण हे. दुखण्यासाठी मराठीत किती शब्द आहेत बघा, ठणका, कळ, चमक, सल, शूळ, आग, ठसठस, मुरडा, हुळहुळणं, ओढ लागणं, भरून येणं, प्रत्येकाचा अर्थ वेगळा, आणि डॉक्टरला तो फरक उपयोगाचाही आहे, कारण आग होणं आणि ठसठसणं याची कारणं वेगळी असू शकतात. एवढे शब्द असलेल्या भाषेतला माणूस हॉस्पिटलच्या पलंगावर जाऊन फक्त "चालतंय" म्हणतो.

इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पेन ही जगभरातल्या वेदनातज्ज्ञांची संस्था आहे, तिने २०२० साली दुखण्याची व्याख्या नव्याने केली आणि त्यात स्पष्ट लिहिलं की बोलून सांगता येत नाही म्हणजे दुखत नाही असं होत नाही. लहान मुलांसाठी फ्लॅक नावाची मोजणी आहे, चेहरा, पाय, हालचाल, रडणं आणि समजावल्यावर शांत होतं का, या पाच गोष्टी बघून आकडा काढायचा. नवजात बाळांसाठी वेगळ्या मोजण्या आहेत. म्हणजे न बोलणाऱ्याला विचारायच्या रीतीसुद्धा लोकांनी शोधून ठेवल्यात. आपण बोलणाऱ्यालाही विचारत नाही.

आता कोणी म्हणेल, दुखणं दुखणं काय, दोन दिवसांनी जातंच. नाही हो, जातंच असं नाही. क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात दाखवलं की जखमेहून येणाऱ्या संदेशांचा मारा चालू राहिला की मेरुरज्जूतल्या, म्हणजे पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंच्या पेशीच जास्त संवेदनशील होऊन बसतात, मग साधा स्पर्शही टोचायला लागतो. घरात कोणीतरी सारखं ओरडत राहिलं की नंतर साधा दार वाजल्याचा आवाजही दचकवतो, तसं काहीसं. २००६ साली वुल्फ आणि डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट वगैरेंनी लॅन्सेटमध्ये मांडलं की नेहमीच्या ऑपरेशनांनंतर १० ते ५० टक्के लोकांत दुखणं महिनोन्महिने टिकू शकतं, आणि ऑपरेशननंतरच्या दिवसांत ज्यांना खूप दुखतं त्यांना याचा धोका जास्त. आपल्या ओळखीत असतंच कोणीतरी, हर्नियाच्या ऑपरेशनला चार वर्षं झाली आणि अजून जांघेत चमक येते, आणि सगळे म्हणतात मनाचे खेळ आहेत.

या केहलेटचं काम मला फार पटलं कारण ते आपल्या परिस्थितीत करता येण्यासारखं आहे. १९९३ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी डाल यांनी मांडलेली गोष्ट अशी की एकच जालीम औषध भरपूर देण्याऐवजी वेगवेगळ्या वाटेने काम करणारी तीन-चार औषधं थोडी थोडी द्या. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, किडनी आणि पोट ठीक असेल तर सूज कमी करणारी गोळी, जखमेच्या जागी किंवा नसेपाशी सुन्न करणारं औषध, आणि मॉर्फिनच्या जातीचं काही लागलंच तर वर थोडंसं. म्हणजे गुंगी कमी, उलट्या कमी, पेशंट लवकर उठून चालतो, लवकर खातो, लवकर घरी जातो. यातल्या पॅरासिटामॉलला आणि सुन्न करायच्या औषधाला कुठलं परदेशी मशीन लागत नाही. नसेपाशी औषध सोडायला सोनोग्राफी आणि शिकलेला हात हवा, पण साध्या जखमेच्या कडांना टाके घालताना औषध भरणं हे तर कुठलाही सर्जन करू शकतो, आणि काहीजण करतातही.

आता विरुद्ध बाजू, कारण तीही खरी आहे आणि मी ती टाळणार नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात नेमकं हेच सुरू झालं होतं, दुखणं हे ताप-नाडी-बीपी-श्वास यांच्यासोबतचं पाचवं लक्षण माना आणि प्रत्येकाला विचारा. आणि त्याच काळात औषध कंपन्यांनी ओपिऑइड, म्हणजे मॉर्फिनच्या जातीच्या, गोळ्या सुरक्षित म्हणून खपवल्या. आकडा मोठा आला की गोळी, पेशंट घरी जाताना मोठी बाटली. परिणाम जगाने बघितला, २०२१ या एका वर्षात तिथे ओपिऑइडच्या अतिसेवनाने ८०,००० हून जास्त माणसं गेली, त्यातले बरेच मृत्यू पुढे रस्त्यावर मिळणाऱ्या फेंटानिलचे. २०१६ साली तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने ते पाचवं लक्षण वगैरे सोडून द्या म्हणून सांगितलं. त्यामुळे आपले डॉक्टर जेव्हा म्हणतात की आम्हाला अमेरिका करायची नाही, तेव्हा ते बरोबर बोलतात. पण तिथे चूक विचारण्यात झाली नाही, विचारल्यावर एकच उत्तर हाताशी ठेवण्यात झाली. ताप आला म्हणून कोणी डोळे मिटून तेच एक औषध देत नाही, ताप का आला ते बघतात. तसंच दुखणं चार आण्यांवरून अचानक बारा आण्यांवर गेलं तर आत काही गळतंय का, रक्त साठतंय का, प्लास्टर घट्ट झालंय का, हे बघायला धावत जायला हवं. आणि तक्त्यावर आधीचे चार आणे लिहिलेच नसतील तर बारा झाले हे कळणार कसं?

या विषयातल्या संशोधनालाही डाग लागलेला आहे. स्कॉट रूबेन नावाचे मॅसॅच्युसेट्सचे भूलतज्ज्ञ, ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर मिश्र औषधांचा पुरस्कार करणारं त्या काळातलं मोठं नाव. २००९ साली उघडकीस आलं की त्यांच्या २१ शोधनिबंधांतली माहिती बनावट होती, काही अभ्यासांत तर पेशंटच नव्हते. औषध कंपनीकडून संशोधनासाठी पैसे घेतलेले. २०१० मध्ये त्यांना सहा महिन्यांची कैद झाली. याचा मला मनापासून राग येतो, कारण त्यांच्या कागदांवर भरवसा ठेवून किती डॉक्टरांनी किती पेशंटना काय दिलं असेल याचा हिशोब कोणाकडेच नाही. आणि असल्या माणसामुळे खऱ्या कामावरही संशय येतो.

पण त्याच्या शेजारी आनंद यांचं पुढचं काम ठेवून बघा. बाळांना दुखतं हे सिद्ध केल्यावर साहजिक वाटेल की मग व्हेंटिलेटरवरच्या सगळ्याच अपुऱ्या दिवसांच्या बाळांना मॉर्फिन चालू ठेवावं. त्यांनी तेच तपासलं, १६ केंद्रं, ८९८ बाळं, २००४ साली लॅन्सेटमध्ये आलं. आणि निघालं काय, तर सरसकट मॉर्फिनने मृत्यू किंवा मेंदूतली इजा कमी झाली नाही, उलट ते जपून द्यायला हवं. ज्याने आयुष्य बाळांचं दुखणं लोकांना पटवण्यात घातलं त्याच माणसाने स्वतःच्या आशेविरुद्ध आलेलं उत्तर तसंच छापलं. मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोठं काम मला हेच वाटतं, १९८७ पेक्षाही. दुखणं मोजा, पण औषधही मोजून द्या, आणि काम झालं का ते परत मोजा.

आणि औषध म्हणाल तर, मॉर्फिन आपल्याला परकं आहे का? आपल्या माळव्यातच तर पिकतं. मंदसौर-नीमचकडे फेब्रुवारी-मार्चात गेलात तर सरकारी पट्टा (परवाना) असलेल्या शेतकऱ्यांची अफूच्या पांढऱ्या फुलांची शेतं दिसतात, डोड्याला चीर देतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चीक खरवडून घेतात, त्याचा थेंबन्‌थेंब सरकार मोजून घेतं. नीमचला सरकारी अफू आणि अल्कलॉइड कारखाना आहे. पट्टे देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचं मुख्यालय आपल्या ग्वाल्हेरला आहे. म्हणजे पीक आपलं, कारखाना आपला, दफ्तर आपलं, आणि कॅन्सरचा पेशंट मात्र मॉर्फिनची गोळी कुठे मिळेल म्हणून गावोगाव फिरतो. १९८५ च्या अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्याने इतके परवाने आणि शिक्षेची इतकी धास्ती घातली की बऱ्याच ठिकाणी मॉर्फिन ठेवणंच बंद झालं आणि नव्या डॉक्टरांना ते वापरायचं शिक्षणही नीट मिळालं नाही. २०१४ च्या दुरुस्तीने नियम सोपे केले, त्यामागे केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांची कित्येक वर्षांची खटपट होती, ते स्वतः भूलतज्ज्ञच. पण कागदावर बदललेला नियम वॉर्डातल्या कपाटापर्यंत पोचायला वेळ लागतो आणि डोक्यातली भीती जायला त्याहून जास्त.

भीती घरातही असते. आईच्या वेळी आमच्या काकाच म्हणाले, पेनकिलर नको जास्त, किडनी जाते. त्यांचं सगळंच चूक नव्हतं, सूज कमी करणाऱ्या काही गोळ्या किडनीला खरंच जड जातात, म्हाताऱ्या माणसांत जास्त, म्हणून तर डॉक्टरने बघून द्यायच्या. पण त्या भीतीत पॅरासिटामॉलही अडकतं, नसेपाशी सोडायचं औषधही अडकतं, सगळं एकाच पोत्यात. आणि त्याच घरात नंतर गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवाल्याकडून न विचारता त्याच गोळ्या महिनोन्महिने खाल्ल्या जातात, तेव्हा किडनी कोणाला आठवत नाही.

सगळ्यात खरी अडचण मनुष्यबळाची आहे हे मला मान्य आहे. त्या रात्री ती सिस्टर एकटी होती. तिने वीस जणांचं बीपी घ्यायचं, सलाईन बदलायच्या, औषधं द्यायची आणि वर प्रत्येकाला आणे विचारत बसायचं? पण बीपी घेताना पट्टा फुगतो तेवढ्या वेळात हा प्रश्न विचारून होतो. आणि आपल्याकडे प्रत्येक पेशंटजवळ घरचं कोणीतरी बसलेलं असतं, बहुतेक जण मोबाईल बघत, त्यांना एक कागद द्या, दर चार तासांनी विचारा आणि लिहा, पडून असताना किती आणि खोकल्यावर किती. हे दोन वेगळे आकडे आहेत, भूलतज्ज्ञ मॅडमनी मला समजावलं होतं, पडल्या पडल्या कमी दुखतं म्हणून सगळं ठीक आहे असं धरू नका, खोकता आलं पाहिजे आणि चालता आलं पाहिजे. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या मानकांत वेदना व्यवस्थापनाचा मुद्दा आहेच, मोठ्या हॉस्पिटलांच्या भिंतीवर ते हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचं पोस्टरही असतं. पोस्टर भिंतीवर असून काय, ते पेशंटला पलंगावरून दिसत नाही.

आपलं शहर आता आजूबाजूच्या सगळ्या माळव्या-निमाडचं दवाखान्याचं शहर झालंय. खरगोन, बडवानी, देवास, धार, सगळीकडून लोक इथे ऑपरेशनला येतात, शेत गहाण टाकून येतात, आणि डॉक्टरसमोर इतके दबून असतात की पाणी पाहिजे म्हणायलाही घाबरतात. त्यांच्यातल्या कुठल्या बाईने रात्री अडीच वाजता उठून सांगायचं की मला फार दुखतंय, ते एसओएस लिहिलेलं आहे ते द्या? स्वच्छतेत पहिला नंबर आणायचं या शहराने ठरवलं आणि आणून दाखवला, तेव्हा घराघरात ओला कचरा-सुका कचरा वेगळा करायची सवय लागलीच ना. एक रकाना वाढवणं त्याहून अवघड नाही.

या जानेवारीत मावशीचं ऑपरेशन होतं, गर्भाशयाचं, दुसऱ्या एका हॉस्पिटलात. यावेळी मी आधीच भूलतज्ज्ञांना भेटलो आणि चार प्रश्न कागदावर लिहून नेले. नंतर दुखू नये म्हणून काय काय देणार, घड्याळाप्रमाणे देणार की मागितल्यावर, रात्री कमी नाही झालं तर कोणाला फोन लावायचा, आणि घरी जाताना किती दिवसांच्या गोळ्या. डॉक्टर आधी जरा चमकले, मग बसून सगळं सांगितलं, म्हणाले, असं कोणी विचारत नाही. तक्त्यावर तिथेही रकाना नव्हता. पहिल्या रात्री सिस्टर बीपी घ्यायला आली तेव्हा मी तिला आण्यांचं सांगितलं, ती केरळची होती, तिला आणे माहीत नव्हते, मग मावशीनेच तिला समजावलं, सोळा आण्यांचा रुपया, पूर्ण रुपया म्हणजे सहनच होत नाही. पुढच्या वेळी चार वाजता आली तेव्हा मी अर्धवट झोपेत होतो. पट्टा फुगत होता आणि ती विचारत होती, "आंटी, कितना आना?" मावशी म्हणाली सहा, खोकल्यावर नऊ. तिने तक्त्याच्या कडेला, बीपीच्या आकड्याशेजारी जी बारीकशी जागा होती तिथे पेनने लिहिलं, ६/९, आणि खाली सही केली.